भोकाची पावती

मी एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. हे नाव ऐकून तुमच्यापैकी कुणी मान वर केली का? नाही ना? असू दे, मला सवय आहे. मित्रांनो, माझ्याच टेबलावर माझ्या उजव्या हाताला एक छोटा, गुळगुळीत, पांढराशुभ्र प्रिंटर बसलेला आहे. ऑफिसात येणाऱ्या मुली त्याला बघून "किती गोड!" म्हणतात. मी त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कागद छापला, पण मला असलं काही आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हणून मी ठरवलं, आपली गोष्ट आपणच सांगायची. तो काही सांगणार नाही. त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं घडलंच काय आहे?

माझा जन्म कारखान्यात झाला, त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते हैदराबादचं दुकान. लातूरचे शरदचंद्र सर तिथे मला घ्यायला आले होते. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि घराच्या पुढच्या खोलीत शिकवण्या घेत. मला धक्का लागू नये म्हणून त्यांनी लातूरपर्यंत बसमध्ये मला मांडीवर घेतलं होतं. माझ्या शेजाऱ्याला कुरिअरवाल्याने आणून दारात टाकलं आणि सही घेऊन तो निघून गेला. हा फरक तुम्ही ध्यानात ठेवा.

माझं काम कसं चालतं तेही ऐका. माझ्या डोक्यात नऊ सुया आहेत. त्यांच्यासमोर शाईची रिबन असते आणि रिबनीमागे कागद. सुया रिबनीवर टकाटका आपटतात आणि ठिपक्याठिपक्यांनी अक्षर तयार होतं. आपटतात म्हणूनच एका दमात तीन कागद छापले जातात. वरचा पांढरा, मधला गुलाबी, खालचा पिवळा. हा कागद सुटा नसतो, घड्या घातलेली लांबच लांब पट्टी असते. तिच्या दोन्ही कडांना भोकांची रांग असते. त्या भोकांत माझ्या चाकांचे दात अडकतात आणि कागद पुढे सरकतो. सरांच्या पत्नी प्रमोदिनीबाई शिकवणीचा सगळा हिशेब सांभाळत. त्यांनी माझ्यासाठी क्रोशाचं एक पांढरं झाकण विणलं आणि काम संपलं की माझ्यावर घालायला सुरुवात केली.

मी आलो ते त्र्याण्णव साल. त्याच वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. मी टेबलावरून खाली पडलो, माझ्या अंगाला चीर गेली, पण आमचं घर उभं राहिलं. किल्लारीकडची गावं मात्र राहिली नाहीत. सर मला आणि संगणकाला घेऊन एका मदत केंद्रावर गेले. तिथे जनरेटरवर मी कित्येक दिवस नावं छापली. कुणाला तंबू हवा, कुणाला भांडी हवीत, कुणाच्या घरात आता किती माणसं उरली. एवढ्या दुःखात कुणाला माझं कौतुक करायला वेळ नव्हता, तरी कार्यकर्ते म्हणत, "हा नसता तर हात मोडले असते." एक गोष्ट मात्र तेव्हाही मला खुपायची. मला फक्त इंग्रजी येत होतं. लोक माझ्या कागदाकडे बघत आणि मग वाचून सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहत.

नंतर लातूरचे दिवस पालटले. इथली मुलं डॉक्टर-इंजिनीअर होतात अशी हवा झाली आणि जून उजाडला की गावोगावचे आईबाप मुलांना घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरू लागले. सरांची पुढची खोली अपुरी पडली, मग मोठा हॉल आला, ऑफिस आलं. नांदेडच्या अंबरीश नावाच्या तरुणाने आम्हाला फीचा प्रोग्राम बनवून दिला. प्रमोदिनीबाई बटण दाबत आणि मी पावती छापत असे. माझा आवाज रस्त्यापर्यंत जाई. बाहेर रांगेत उभे असलेले लोक म्हणत, "चालू झालं बघा." कुणाला सांगू नका, पण मला तो आवाज गाण्यासारखा वाटायचा.

आता एक गंमत सांगतो. इतर गावांत माझ्या कागदाच्या भोकांच्या कडा फाडून कचऱ्यात टाकतात. आमच्याकडे त्या कुणी फाडत नसे. याला कारण नागम्मा. त्या मूळच्या उदगीरकडच्या. क्लासच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोठं घर आहे आणि त्यात बाहेरगावच्या मुली राहतात. मुलगी खरोखर क्लासला आहे याची खात्री पटल्याशिवाय नागम्मा कुणाला कॉट देत नाहीत. गुलाबी पावती आली की ती त्या कडेच्या भोकातून सुतळीत ओवतात आणि सुतळी खिळ्याला टांगतात. हळूहळू बाकीचे घरमालकही तसंच करू लागले. आमच्या भागात भोकाची पावती म्हणजे खरी पावती असं ठरूनच गेलं. लोक माझ्या अक्षराला मानतात अशी माझी समजूत होती. ते कागदाच्या भोकांना मानत होते, हे मला फार उशिरा कळलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

दोन हजार नऊ साली सरांची मुलगी मुग्धा इंजिनीअर होऊन घरी आली. अंबरीश तोवर परदेशी गेला होता. त्याच्या प्रोग्रामला असं कुलूप होतं की साधी नवी बॅच वाढवायची तरी कुणाला जमत नव्हती. मुग्धाने जुना संगणक भंगारात काढला आणि नव्यावर हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर घातलं. हे सॉफ्टवेअर कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, आपल्या सोयीने बदलावं असं असतं. प्रमोदिनीबाईंना ते पटेना. त्या म्हणाल्या, "फुकटचं कुणी चांगलं देतं का गं?"

"आई, याच्यात बिघडलं तर मला दुरुस्त करता येतं. अंबरीशदादाच्या कुलपापेक्षा ते बरं नाही का?"

तिने आधी मलाच जोडून पाहिलं, हे मान्य करायला हवं. पण त्या सॉफ्टवेअरच्या डोक्यात मोठा चौकोनी कागद बसला होता. माझी पावती त्याच्या निम्म्याहून लहान. त्यामुळे नाव एका पावतीवर आलं, रक्कम दुसऱ्या पावतीवर गेली आणि सरांच्या सहीची जागा घडीवर पडली. मग मी दोन कोरे कागद बाहेर फेकले. प्रवेशाची गर्दी दारात उभी होती. मुग्धा कंटाळली, म्हणाली, "याच्या मागे लागायला आत्ता वेळ नाही." दोन दिवसांनी तो छोटा आला.

मित्रांनो, त्याला शाई लागत नाही. तो कागदाला ऊब देतो आणि ऊब लागली की त्याचा तो गुळगुळीत कागद काळा होतो. टक नाही, खट नाही, सर्रकन एक पट्टी बाहेर येते. मुग्धाने त्याच्यासाठी पावतीचा नमुना तयार केला आणि तो मराठीत केला. वर क्लासचं नाव, खाली मुलाचं नाव, त्याखाली आईचं नाव, मग वडिलांचं. काय सांगू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला! सोळा वर्षं मी इंग्रजीत नावं छापली आणि हा कालचा पोर आल्या दिवशी मराठीत बोलू लागला. गावाकडचे लोक पट्टी हातात घेऊन मोठ्याने वाचत. आपलं नाव आलं की हसत. माझ्या कागदाला बघून कुणी कधी हसलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी प्रमोदिनीबाईंनी माझ्यावरचं क्रोशाचं झाकण काढलं आणि त्याच्यावर घातलं. त्याला ते इतकं मोठं होतं की टेबलावर लोळत होतं, पार बावळट दिसत होता. मला मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं. माळ्याच्या फळीला फट होती आणि तिच्यातून टेबल दिसायचं. मी दिवसभर त्याच्याकडे बघत जळत बसायचो. त्याने एखादी तरी पावती वाकडी काढावी, असं मला मनापासून वाटायचं.

माझी इच्छा आठवड्याभरातच पुरी झाली. आमच्या लातूरच्या माणसांना लॅमिनेशनचं भारी वेड. गुणपत्रिका असो, रेशनकार्ड असो, महत्त्वाचा कागद हाती आला की तो आधी प्लास्टिकमध्ये बंद करायचा. क्लासच्या समोर सिद्धलिंगचं झेरॉक्सचं दुकान आहे. पालक त्या नव्या पट्ट्या घेऊन थेट त्याच्याकडे गेले. लॅमिनेशनचं यंत्र चांगलं तापलेलं असतं, आणि या कागदाला तर ऊब लागली की तो काळा होतो. मग काय व्हायचं ते झालं. एके सकाळी पाच-सहा जण काळीकुट्ट, चकचकीत पट्टी हातात धरून ऑफिसात आले. एकावरही एक अक्षर दिसत नव्हतं.

"सर, ह्ये काय दिलंय तुम्ही?" एक जण ओरडला. "फी घेतली अन् डांबर दिलं व्हय?"

माळ्यावर मी इतका खूश झालो की विचारू नका. सरांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या, कागदाचं कारण समजावलं, मुग्धाने नव्या पट्ट्या छापल्या. दारावर पाटी लागली, "पावती लॅमिनेट करू नये." लोक शांत होऊन गेले. मला वाटलं आता मला खाली काढतील. कुणी वर बघितलंसुद्धा नाही.

त्या सकाळच्या लोकांत तारामती नावाच्या एक बाई होत्या. धर्माबादजवळच्या खेड्यातून मुलीला, पुनमला, घेऊन आल्या होत्या. नवी पट्टी घेऊन गेल्या त्या दुपारी परत आल्या. बरोबर पुनम होती, आणि नागम्मासुद्धा होत्या. नागम्मा स्वतः चालत ऑफिसात आल्या याचा अर्थ काहीतरी मोठं बिनसलं होतं.

"सर, तुमच्यावर भरवसा हाय," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. "ह्या पट्टीवर न्हाई. सकाळी काळी होती, आता पांढरी हाय. उद्या काय रंग घेईल कुणाला ठाव? अन् हिला ओवू कुठून?"

"मी हाताने लिहून सही-शिक्का देतो," सर म्हणाले.

"अय्यो, हातानं लिहिलेली गेल्या साली एका पोरीनं आणलेली. पोरगी कुठल्याच क्लासला नव्हती. तिचा बाप माझ्या दारात येऊन नाय नाय ते बोलून गेला. आता न्हाई."

"झेरॉक्स काढून भोकं पाडून देऊ का?" मुग्धाने विचारलं.

"तसली भोकं मीबी घरी पाडते की."

नागम्मांकडे एकच कॉट उरली होती. मुरुडचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन त्यांच्या ओट्यावर बसून होते. नागम्मांनी तारामतीबाईंना पाच वाजेपर्यंतची मुदत दिली होती, त्यानंतर कॉट मुरुडच्या मुलीला. पुनम काही रोज धर्माबादहून ये-जा करू शकत नव्हती. तारामतीबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि सरांना म्हणाल्या, "हिचे वडील म्हणून राहिलेत, राहायची जागा पक्की झाली तरच पोरीला ठेव, न्हाई तर संध्याकाळच्या बसनं परत आण. सर, एकदा परत नेली की ती परत येत न्हाई हो. मला म्हाईत हाय." पुनम खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती. प्रमोदिनीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पाचला रोजच्यासारखी लाईटही जाणार होती.

"मुग्धा," त्या म्हणाल्या, "माळ्यावरचा काढ."

मित्रांनो, मला खाली घेतलं, वर्तमानपत्र सोडलं, प्रमोदिनीबाईंनी पदरानेच माझी धूळ पुसली. त्या छोट्याच्या अगदी शेजारी मला ठेवलं. नव्या संगणकाला माझी जाड केबल लावायची जागा होती, हे माझं नशीब. जुना गठ्ठा कपाटातून निघाला, रिबन थोडी सुकली होती पण चालण्यासारखी होती. मुग्धाने या वेळी आधी माझा कागद पट्टीने मोजला आणि सॉफ्टवेअरला त्याची खरी लांबी सांगितली. पहिली पावती घडीवर बरोबर संपली. मी ताठ झालो. नाव इंग्रजीत होतं, मला जे येतं तेच तिने दिलं होतं.

"झालं!" सर म्हणाले. नागम्मांनीही हात पुढे केला.

तारामतीबाईंनी कागद मध्येच धरला. त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं. "ह्ये इंग्रजी हाय."

"आई, चालतंय गं," पुनम हळूच म्हणाली.

"तुला चालतंय. मी साक्षरतेच्या वर्गाला कशापायी बसले? ज्या कागदावर माझ्या लेकीचं नाव हाय, त्यो मला दुसऱ्यानं वाचून दावायचा व्हय?" मग त्यांनी छोट्याकडे बोट केलं. "त्येच्यासारखं करून द्या, ताई. त्येच्यात माझंबी नाव हाय."

माझ्यावर कुणी पाणी ओतलं असतं तरी इतकं लागलं नसतं. मी माळ्यावरून उतरून बाईंची अडचण सोडवायला आलो, आणि बाईंना हवं होतं त्याचं अक्षर! मला क्षणभर वाटलं, कागद असा अडकवावा की कुणाला निघूच नये. पण पुनमचं ते ओढणी पिळणं मला समोरच दिसत होतं.

मुग्धाने छोट्याचा नमुना उघडला आणि जसाच्या तसा मला पाठवला. आधी भलतीच चिन्हं उमटली. मग तिने सॉफ्टवेअरला सांगितलं की याला अक्षरं पाठवू नकोस, अक्षरांचं चित्र पाठव. चित्र छापायला मला फार वेळ लागतो. डोकं एकदा इकडून तिकडे गेलं, कागद केसभर सरकला, पुन्हा गेलं. सगळे माझ्याभोवती वाकले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सुया मराठी आपटत होत्या.

कागद बाहेर आला आणि पुनम म्हणाली, "डोक्यावरची रेघच नाही."

खरंच नव्हती. अक्षरं सगळी सुटी सुटी लटकत होती. माझी एक सुई कधीची मेली होती. इंग्रजीत ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, पण मराठीच्या नावांची रेघ नेमकी त्याच सुईवर येत होती. शेजारच्या पट्टीवर मात्र रेघ कशी सरळ, काळीभोर! माझी मान खाली गेली.

"मला चालतंय," नागम्मा म्हणाल्या. "भोकं हायत."

"मला चालत न्हाई," तारामतीबाई म्हणाल्या. "बिनरेघेचं मला लागत न्हाई हो. अक्षर कुठं धरू?"

प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "अहो बाई, पाच वाजत आले, कॉट जाईल." तारामतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पुनमकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या काही उठल्या नाहीत.

मुग्धाने छोट्याची पट्टी माझ्या पावतीशेजारी ठेवली आणि दोन्ही नीट पाहिल्या. मग तिने संगणकावर सगळा मजकूर अगदी थोडासा खाली सरकवला, म्हणजे रेघ शेजारच्या धडक्या सुईवर यावी. ते तिला जमलं, कारण त्या सॉफ्टवेअरला कुलूप नव्हतं. पुन्हा बटण दाबलं. मी इतक्या जोरात कधी छापलं नव्हतं. आधी रेघ आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ. मग तिच्याखाली अक्षरं उतरली. शेवटची ओळ संपली, प्रमोदिनीबाईंनी कागद फाडला आणि तेवढ्यात लाईट गेली.

सगळे दाराच्या उजेडात गेले. तारामतीबाईंनी रेघेवर बोट ठेवलं आणि वाचलं, "पु… न… म." थांबल्या. मग खालच्या ओळीवर आल्या, "ता… रा… म… ती." त्यांचं बोट एकदम थांबलं. त्यांनी कागद उलटा केला आणि मागून चाचपला. मी आपटून छापतो ना, म्हणून अक्षर पाठीमागे फुगून येतं. त्या पुनमला म्हणाल्या, "बघ गं, हाताला लागतंय. आपलं नाव हाताला लागतंय."

गुलाबी कागद नागम्मांनी घेतला, दोन्हीकडच्या भोकांकडे पाहिलं आणि पुनमला म्हणाल्या, "चल, पेटी उचल. तिसरी कॉट तुझी." पुनमने एवढ्या वेळात पहिल्यांदा वर पाहिलं.

जाताना तारामतीबाईंनी माझी पांढरी पावती घडी करून चंचीत ठेवली. आणि मग, मित्रांनो, त्या छोट्याची पट्टीसुद्धा ठेवली! म्हणाल्या, "ह्येच्यातबी नाव हाय." मला वाटलं होतं ती तरी टेबलावर राहील.

तेव्हापासून आम्ही दोघे एकाच टेबलावर आहोत. घाईची पावती तो काढतो, घरमालकांची मी. दोघांनाही मजकूर ते एकच सॉफ्टवेअर देतं, आणि माझी मेलेली सुई तेच सांभाळून घेतं. लोकांना अजून तोच गोड वाटतो आणि माझा अजून जळफळाट होतो. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं असेल तर त्याला माळ्यावर टाकण्याआधी एकदा नव्याशी जोडून बघा. जमलं नाही तर पुन्हा बघा, कागद नीट मोजून बघा. त्याची धूळ पुसा, रिबन बदला. आणि नव्याचीही काळजी घ्या, त्याच्या कागदाला ऊन लागू देऊ नका. हे मी फार खुशीने सांगतोय असं नाही. पण माळ्यावर मी नुसता जळत होतो. इथे टेबलावर जळता जळता लोकांची नावं तरी छापतो.